पाच प्रोग्रॅम आणि अंबाडीची एक दोरी

मुनीर गेल्याची बातमी मला बुधवारी सकाळी सव्वानऊला कळली. फोन त्याच्या पत्नीचा, शमीमभाभींचा होता. "भाऊ, तुमचे दोस्त गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन त्यांनी आपल्या भावाकडे दिला. वेळ कोणती, दफन किती वाजता, कुठे, हे मी त्याला विचारून कागदावर उतरवून घेतलं. वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढल्यावर हाताला ही सवय लागते. अकोल्याहून मंगरूळपीरची बस पकडण्याआधी मी आमच्या जुन्या कार्यालयात चार ओळी पाठवल्या. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक मुनीर खान यांचे दीर्घ आजाराने निधन, वय बासष्ट, मागे पत्नी व विवाहित मुलगी, दफनविधी बुधवारी दुपारी. दुसऱ्या दिवशी त्या ओळी जशाच्या तशा छापून आल्या. त्यांत एकही चूक नव्हती. शेवटची दोन वर्षं तो काय करत होता, ते मात्र त्यांत नव्हतं... आज सात आठवडे झाले. ते लिहायचं राहिलं आहे आणि ते मी आणि भाभी सोडून कोणाला माहीतही नाही.

आम्ही शाळेपासूनचे. त्याच्या वडिलांचं दुकान मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. अब्बा पिंजारी. गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे, आणि हंगाम नसला की बाजांसाठी अंबाडीच्या दोऱ्या वळायचे. आम्ही दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत कापसाच्या ढिगावर बसून अभ्यास करायचो. पुढे मी अकोल्याला वृत्तपत्रात गेलो आणि मुनीर गावातल्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागला. दुकान बंद झालं, वरच्या मजल्यावरची खोली त्यानं स्वतःच्या कामासाठी ठेवली. एक टेबल, महाविद्यालयानं मोडीत काढलेला एक संगणक, दोन खुर्च्या आणि खिडकीच्या खिळ्याला टांगलेली हातभर लांब, मनगटाएवढी जाड अंबाडीची दोरी. ही दोरी त्यानं निवृत्तीच्या चौदा वर्षं आधी वळली होती. प्रथिनांच्या रेणूत अणूंची साखळी काही ठिकाणी मळसूत्रासारखी वळत जाते आणि ती नेहमी उजव्या बाजूनं वळते, हे मुलांना फळ्यावर नीट दाखवता येत नाही. म्हणून तो दोरी वर्गात न्यायचा. वळताना त्यानं अब्बांना विचारलं होतं, सीधा पीळ कोणता? अब्बांनी मांडीवर चार फेरे देऊन दाखवले होते. तसंच त्यानं वळलं.

त्याच्या संशोधनाबद्दल मी सांगतो तेवढं एका बातमीदाराला कळलेलं आहे. तुरीच्या दाण्यात एक प्रथिन असतं. शेंग पोखरणाऱ्या अळीनं ते खाल्लं की तिच्या पोटातल्या पाचक प्रथिनाला ते घट्ट धरतं आणि अळीचं पचन थांबतं. आपल्या भागातल्या एका जुन्या तुरीत ही पकड वेगळ्या जागी बसते, असं मुनीरला प्रयोगशाळेत अनेक वर्षं केलेल्या चाचण्यांवरून वाटत होतं. ती जागा दाखवणारं एक चित्र हवं होतं. अशा रेणूंच्या रचना जगभरातले संशोधक एका खुल्या संग्रहात ठेवतात, त्या कोणालाही उतरवून घेता येतात. मुनीरनं मला ती फाईल उघडून दाखवली होती. आत फक्त आकडे होते. प्रत्येक अणूची एक ओळ, ओळीत तीन आकडे, आडवा, उभा आणि खोलीचा. त्या आकड्यांचं चित्र करायला प्रोग्रॅम लागतो. मुनीरच्या लेखात एकच चित्र होतं आणि सगळा लेख त्या चित्रावर उभा होता.

पहिलं चित्र त्यानं ज्या प्रोग्रॅमवर केलं, तो मी दिला होता. आमच्या पानं लावणाऱ्या विभागातल्या एकाकडे नाना प्रोग्रॅमच्या कुलूप तोडलेल्या प्रती असायच्या. त्यातली एक मी पेन ड्राइव्हवर नेऊन दिली. लेख गेला, आणि नियतकालिकाच्या संपादकाचं नेहमीचं पत्र आलं. चित्र कोणत्या प्रोग्रॅमनं केलं, कोणती आवृत्ती, परवाना कोणता. मुनीरनं ते मला फोनवर वाचून दाखवलं.

"काय लिहू आता?"

"नुसतं नाव लिही. कोन तपासते?"

"तू बातमीत असंच करतो काय बे? मानूस कुठून बोलला ते सांगत नाई, नुसतं नाव छापतो?"

त्यानं लेख मागे घेतला. मी त्याला वेड्यात काढलं, हे इथे नोंदवलं पाहिजे. त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्याला डायलिसिसवर घेतलं. आठवड्यातून दोन वेळा अकोला, जाऊन येऊन सगळा दिवस. आता वेळ मोजका आहे हे आम्हाला दोघांनाही कळलं होतं. फुकट मिळणारा आणि उजळ माथ्यानं नाव सांगता येईल असा प्रोग्रॅम शोधायचा, त्यावर चित्र पुन्हा करायचं आणि लेख पाठवायचा, एवढंच त्याच्यासमोर उरलं होतं. मी तोवर निवृत्त झालो होतो आणि माझं घर रिकामं झालं होतं. दर रविवारी सकाळच्या बसनं मी मंगरूळपीरला जाऊ लागलो.

त्यानं एक दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर अटी. प्रोग्रॅमला पैसे पडू नयेत आणि दर वर्षी कोणाची परवानगी मागावी लागू नये. या मोडक्या संगणकावर, नेट नसताना चालावा. त्यात केलेलं चित्र नुसता फोटो म्हणून नाही, तर फिरवून पाहता येईल अशा फाईलमध्ये साठवता यावं, आणि ती फाईल धनजसारख्या खेड्यात घरी बसलेल्या एखाद्या मास्तरालाही उघडता यावी. ही अट वाचताना तो म्हणाला, "आपन नसलो तरी उघडली पाह्यजे." तो पुढे लगेच दुसरं काही बोलू लागला. शेवटची अट होती, पीळ खरा दाखवावा. त्या तुरीच्या प्रथिनानं ज्याला धरलं होतं, त्या अळीच्या प्रथिनाच्या टोकाला अशीच एक मळसूत्री साखळी होती. पकड कोणत्या बाजूनं बसते हे ठरवायला ती खूण होती. ती उलटी दिसली, तर चित्रातलं सगळंच आरशातल्यासारखं उलटं असणार.

पाच प्रोग्रॅम निवडले. त्यांची खरी नावं देत नाही. मुनीरनं त्यांना मंगरूळपीरच्या स्टँडवरची नावं दिली होती, तीच आमच्या तोंडी बसली. पहिला साधी लाल गाडी. छोटा, जुना, डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायचा, पण चित्र काड्यापेटीतल्या काड्यांचं केल्यासारखं दिसायचं. दुसरा निमआराम. सुरू व्हायला दोन मिनिटं घ्यायचा, पण एकदा निघाला की नीट चालायचा, आणि मागचे अणू धुक्यात गेल्यासारखे फिके करून खोली दाखवायचा. तिसरा काळी-पिवळी. तो नेटवरच चालायचा आणि मधेच कुठेही थांबायचा. चौथा चित्रं देखणी काढायचा, पण शिक्षकांना वर्षापुरताच वापरायला मिळायचा. ती सवलतीची गाडी. "दरसाल पास काढा, दरसाल फोटो चिकटवा," मुनीर म्हणाला. पाचवा इतका मोठा की तो उघडला की बाकी संगणक गप्प व्हायचा. त्याचं नाव वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स. भाभी चहा घेऊन वर आल्या की विचारायच्या, "आज कोनत्या गाडीत बसले तुमी लोकं?"

दुसऱ्याच रविवारी निमआराम गाडीवर रेणू उघडला. मुनीरनं साखळीला फितीचं रूप दिलं, मळसूत्र पडद्याच्या मधोमध आणलं, खिळ्यावरची दोरी काढली आणि पडद्याशेजारी धरली. पहिल्या चित्राच्या वेळी तसं करायचं त्याला सुचलं नव्हतं. बराच वेळ तो पाहत राहिला. मग वहीत लिहिलं, "पीळ उलटा दाखवतो. नापास."

लाल गाडीनंही उलटा दाखवला. काळी-पिवळीनंही. मी म्हणालो, तिघं तेच म्हणतात तर तेच खरं नसेल? तो हसला. "तिघायनं एकाच जागून उतरवलं असन. तुमी पेपरवाले नाई का, एकानं चूक छापली का सगळे तीच छापता." त्याचा तर्क असा होता की हे प्रोग्रॅम खोलीचा आकडा वाचताना त्याचं चिन्ह उलटं धरत असावेत. अशी चूक होऊ शकते, हे त्यानं मला कागदावर काढून पटवलं. मग तो ती चूक शोधायला बसला. आकडे हातानं बदलून पाहिले. प्रोग्रॅम करणाऱ्यांना पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली, सभ्य आणि थोडक्यात, की आमच्याकडे सर्व ठीक आहे. चौथ्या प्रोग्रॅमनं उलटा दाखवल्यावर तो अकोल्यात डायलिसिसनंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. नंबर बदललेला नव्हता. पुस्तकातल्या आकृतीत पीळ उजवा लिहिलेला होता आणि दोरी उजवी होती, हे त्याला पक्कं माहीत होतं. आकृती आणि दोरी त्यानं कधी शेजारी धरली नव्हती. तशी गरजच वाटली नव्हती... दोरीचा पीळ अब्बांनी दाखवला होता.

यात चौदा महिने गेले. मुनीर बारीक झाला. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागला आणि थांबल्यावर भिंतीकडे पाहत उभा राहायचा, आपण थकलो हे दिसू नये म्हणून. एका रविवारी त्यानं पाचव्या प्रोग्रॅमपुढेही तेच वाक्य लिहिलं आणि वही मिटली. "जाऊ दे बे," तो म्हणाला. "खोटं चित्र देऊन नाव करन्यापरीस बिनचित्राचा मेलो तं काय होते." परतीच्या बसमध्ये तेच वाक्य माझ्या कानात होतं.

पुढच्या रविवारी मी जाताना जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा नेला. भाभींना कपाटाच्या फळ्यांवर घालायला कागद हवे होते. गठ्ठा बाजारातल्या नायलॉनच्या तीन पदरी दोरीनं बांधला होता. पिंजाऱ्याच्या घरात दोरी कापत नाहीत. मुनीरनं गाठ सोडली, दोरी बोटांवर गुंडाळायला घेतली आणि मधेच थांबला. दोरी उभी धरली. मग खिडकीपाशी जाऊन खिळ्यावरची दोरी काढली आणि दोन्ही एका हातात धरल्या.

"हे कुठून आनली?"

"अकोल्याहून. कोनत्याही दुकानात भेटते."

"शमीम," त्यानं खाली हाक मारली, "कपडे वाळू घालाची दोरी आन वर."

"अवं, ओले कपडे हायेत तिच्यावर."

"कपडे काढ अन् आन."

भाभी दोरी घेऊन आल्या. त्यानं तीही शेजारी धरली. बाजारच्या दोन्ही दोऱ्यांचे पीळ डावीकडून उजवीकडे वर चढत होते. अंबाडीच्या दोरीचे उजवीकडून डावीकडे. त्यानं ती उलटी धरली, खालचं टोक वर केलं. पीळ तसाच राहिला. मळसूत्र कसंही फिरवलं तरी डाव्याचं उजवं होत नाही, हे वाक्य त्यानं वर्गात शेकडो वेळा म्हटलं असेल. संगणक चालू होता. पडद्यावरच्या रेणूचा पीळ बाजारच्या दोऱ्यांसारखा होता.

"अब्बा डावरे होते," तो म्हणाला.

घरात हे कोणी बोलत नसे. डावा हात वापरणं बरं दिसत नाही, म्हणून अब्बांनी जेवणं, लिहिणं, गिऱ्हाइकासमोर गादीला टाके घालणं हे सगळं उजव्या हातानं शिकून घेतलं होतं. मागच्या खोलीत, कोणी पाहत नसताना, ते डाव्या हातानं दोरी वळायचे. त्यांच्या हाताला जो सीधा, तो इतरांचा उलटा. कापसाच्या ढिगावर बसून मी ते रोज पाहिलं होतं.

"मले माहीत होतं," मी म्हणालो.

"काय माहीत होतं?"

"हेच, अब्बा डाव्या हातानं वळत."

तो माझ्याकडे वळला. "मग सांगतलं काहून नाई?"

चौदा महिने मी त्या दोरीसमोर बसलो होतो. एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती योग्य जागी आठवणं, यात फरक आहे, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्यानं समाधान झालं नाही. शेवटी भाभीच म्हणाल्या, "तुमी दोघं बी शिकलेले म्हनून इतका टाइम लागला. मी ओली दोरी घेऊन जाऊ का आता?" मुनीर हसला. दोरी त्यानं त्यांच्या हातात दिली.

मग त्यानं वही उघडली, पाचही पानांवर जाऊन 'नापास' खोडलं आणि लाल शाईनं लिहिलं, "चूक प्रोग्रॅमची नाही, दोरीची." पाचव्या पानावर थोडं थांबून 'दोरीची' खोडलं आणि 'माझी' लिहिलं. मागे जाऊन बाकीच्या चार पानांवरही तसंच केलं. "चौदा वर्षं पोरायले उलटं दाखवलं," तो म्हणाला. "तुमच्या पेपरात काय छापता तसं एक लेहून दे." मी खुलासा लिहून दिला. वर्गात दाखवण्यात आलेल्या दोरीचा पीळ डावा होता, तो उजवा असायला हवा होता, चुकीबद्दल दिलगीर आहे. त्यानं तो जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि संध्याकाळपर्यंत फोन समोर ठेवून बसला. अंगठे आले, दोन गुलाबाची फुलं आली. एकीनं लिहिलं, "सर, तब्येतीची काळजी घ्या." दोरी कोणत्या बाजूनं वळलेली होती, हे कोणालाच आठवत नव्हतं. फोन बाजूला ठेवून तो म्हणाला, "म्हनजे खरी दाखवली असती तरी..."

निवड मग एका दुपारी झाली. निमआराम गाडी, जिला त्यानं सर्वांत आधी नापास केलं होतं. तिला पैसे पडत नव्हते, नेट लागत नव्हतं, दोन मिनिटं थांबायची मुनीरला आता घाई नव्हती. चित्र तीन रविवारांत पुरं झालं. तुरीचं प्रथिन पिवळं, अळीचं करडं, पकडीची जागा लाल, बाकी सगळं धुक्यात. कोणत्या कोनातून ती जागा नीट दिसते हे ठरवायलाच त्याला एक अख्खा रविवार लागला. रेणू केसभर इकडे, केसभर तिकडे. लेखात त्यानं प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती लिहिली. लेख पाठवल्यावर तोच प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर घातला आणि फाईल दिली.

"फिरवून पाहाचं तेवढं पाह्य," तो म्हणाला. "बंद करताना ते विचारते, सेव्ह करू का? नाई म्हनाचं. नाई तं माहा कोन जाईन."

त्यानंतर अकरा आठवडे तो होता.

संपादकांचं उत्तर तो गेल्यावर विसाव्या दिवशी आलं. त्याच्या ईमेलचा पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर होता, भाभींनी तो मला दिला. लेख घेत आहोत, चित्राची मूळ फाईल पाठवा, म्हणजे वाचकांना ती स्वतः उघडून पाहता येईल. मी फाईल पाठवली आणि लेखक हयात नसल्याचं एका ओळीत कळवलं. त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि लिहिलं की रीतीप्रमाणे नावापुढे एक छोटी खूण छापली जाईल. भाभींनी विचारलं, कोणती खूण? मी कागदावर काढून दाखवली. छपाईत तिला खंजीर म्हणतात, हेही सांगितलं.

"मेलेल्या मानसाच्या नावापुढं खंजीर कायले?"

मी म्हणालो, रीत आहे. त्यांनी कागद घडी करून वहीत ठेवला.

माझं मंगरूळपीरला जाणं आता थांबलं आहे. भाभी मुलीकडे राहतात, वरच्या खोलीला कुलूप आहे. दोरी खिळ्यावरच आहे. ती काढायची नाही, असं मुनीर म्हणाला होता. तिला त्यानं एक चिठ्ठी बांधली आहे: 'डावा पीळ. अब्बांचा.' रविवारी सकाळी बसची वेळ होते आणि टळते. मग मी लॅपटॉप उघडतो. दोन मिनिटं प्रोग्रॅम सुरू व्हायला लागतात, ती मी बसून काढतो. रेणू येतो, पिवळा आणि करडा, मधे लाल जागा. थोडा वेळ मी त्याला हात लावत नाही. मग फिरवतो, मागून, वरून, त्या मळसूत्रापर्यंत जातो, पीळ पाहतो. फिरवता फिरवता लाल जागा हरवते. मला ती पुन्हा तशी समोर आणता येत नाही. बंद करताना प्रोग्रॅम विचारतो, बदल सेव्ह करू का? मी नाही म्हणतो. पुढच्या रविवारी उघडलं की तो जिथे ठेवून गेला, तिथेच असतं.